राधानगरीची वाट आणि सायकलस्वारांचें गद्य

टीकाकारानें कोणत्या लेखनाची दखल घ्यावी आणि कोणत्या लेखनाकडे काणाडोळा करावा, ह्याविषयीं आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. काव्य, नाटक, कादंबरी हे मानाचे पाहुणे. त्यांच्यासाठीं पाट मांडलेला असतो. चरित्राला आणि प्रवासवर्णनाला ओसरीवर जागा मिळते. परंतु एका गांवाहून दुसऱ्या गांवीं कसें जावें, चढ कोठें लागतो, पाणी कोठें मिळतें, हें सांगणारें जें साधें गद्य आहे, त्याला कोणी उंबऱ्याच्या आंत घेत नाहीं. मीहि तीस वर्षांच्या आसपास साहित्य शिकविलें आणि ह्या गद्याकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. आज पाहावेंसें वाटतें ह्याला दोन कारणें आहेत. एक ह्या हिवाळ्यांत माझ्या टेबलावर येऊन पडलें. दुसरें फार जुनें आहे, आणि तें सांगतांना मला संकोच होतो.

आमच्या शहरांतील एका सायकल-मंडळानें कोल्हापूरच्या आसपासच्या मार्गांचीं टिपणें जमवून तीं पुस्तकरूपानें छापावयाचें ठरविलें, आणि शुद्धलेखन तपासण्याकरितां तीं माझ्याकडे धाडलीं. एकूण टिपणें पंधरा. त्यांपैकीं पांच राधानगरी-दाजीपूरच्या रस्त्यावरचीं. लिहिणारे निरनिराळ्या व्यवसायांतले: एक डॉक्टर, एक बँकेंतील अधिकारी, दोन विद्यार्थी आणि कारखान्यांतले एक फोरमन. मोटारसायकलीनें अडगळींत लोटलेली सायकल आतां गिअर आणि हेल्मेट घेऊन सुशिक्षितांच्या दारीं परतली आहे, आणि तिच्याबरोबर हें नवें गद्यहि आलें आहे. मीं आधीं ऱ्हस्वदीर्घ सुधारले. मग तीं पांच टिपणें पुन्हां वाचलीं, आणि माझ्या ध्यानांत आलें कीं, ज्या चुका मला सुधारावयाच्या आहेत त्या ऱ्हस्वदीर्घाच्या नाहीत.

ज्यांनीं हा रस्ता पाहिला नसेल त्यांच्याकरितां तो थोडा सांगितला पाहिजे. कोल्हापूर सोडून तो नैर्ऋत्येस निघतो. पहिले पन्नासएक किलोमीटर भोगावतीच्या खोऱ्यांतले. हळदी मागें पडेपर्यंत दोन्ही बाजूंस ऊंसच ऊंस. गळिताचा हंगाम असला म्हणजे ट्रॅक्टरमागें दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मोळ्या दोन्ही अंगांनीं बाहेर झुकलेल्या, आणि रस्त्यावर पडलेलीं उसाचीं कांडीं सायकलस्वाराच्या चाकाखालीं गोल फिरावयास टपलेलीं. साखर कारखान्याजवळ मळीचा उग्र वास येतो. मध्येंच एखाद्या गुऱ्हाळाचा धूर दिसतो. पुढें ऊंस विरळ होत जातो आणि भाताचीं खाचरें दिसूं लागतात. काळी माती जाऊन तांबडी येते. राधानगरीपलीकडे शाहू छत्रपतींनीं 1908 च्या सुमारास हातीं घेतलेलें धरण आहे. 1922 सालीं महाराज गेले तेव्हां तें अपुरेंच होतें. गांवाला त्यांनीं कन्येचें नांव दिलें, तलावाला राणीसाहेबांचें. पावसाळ्यांत धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे एकामागून एक उघडतात तेव्हां साऱ्या खोऱ्याचे कान तिकडे लागलेले असतात, कारण त्या दरवाजांच्या संख्येवरून खालच्या गांवांना पुराचा अदमास बांधतां येतो.

येथून रस्त्याचा स्वभावच पालटतो. तलावाच्या कडेकडेनें वळणें घेत तो चढूं लागतो. अंजनी, जांभूळ, हिरडा ह्यांची दाटी, खालीं कारवीचें रान. मध्येंच झाडी एकाएकीं संपून जांभ्या दगडाचा उघडा सडा लागतो. पावसाळ्याच्या शेवटीं फुलांनीं भरलेला असतो, आणि मार्चांत पाहावा तर तव्यासारखा काळा आणि तापलेला. कोल्हापुरापासून सुमारें ऐशीं किलोमीटरांवर दाजीपूर. त्यापुढें फोंडा घाट तोंड उघडतो, हवा दमट होते आणि रस्ता कोंकणांत उतरूं लागतो. सायकलीवरच्या एका दिवसांत देश, घाटमाथा आणि कोंकण असे तीन मुलुख पाहावयास मिळावेत, असे रस्ते आपल्याकडे थोडेच आहेत.

ह्या मधल्या मुलुखाला आणखीहि एक ओळख आहे. 1958 सालीं तो गव्यांकरितां राखला गेला. महाराष्ट्रांतील सर्वांत जुनें अभयारण्य म्हणून दाजीपूरचें नांव सांगितलें जातें. 1985 सालीं त्याचा विस्तार होऊन क्षेत्र 351 चौरस किलोमीटर झालें आणि राधानगरी हें नांव पडलें. युनेस्कोनें 2012 सालीं पश्चिम घाटांतील जीं 39 स्थळें जागतिक वारसा म्हणून निवडलीं त्यांत तें आहे. आंतल्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीवांचून पाऊल टाकतां येत नाहीं आणि पावसाळ्यांत त्या बंद असतात. परंतु देवगड-निपाणीचा सरकारी रस्ता ह्या रानाच्या कुशींतूनच जातो. त्याच्यावरून एस. टी. जाते, मालमोटारी जातात, दूध जातें, आणि अलीकडे रविवारीं पहाटे पंचवीस-तीस सायकली एकदम जातात.

आतां हें सर्व त्या पांच टिपणांत कसें आलें आहे तें पाहूं. डॉक्टरमहाशयांनीं प्रत्येक टप्प्याचा चढ मीटरांत दिला आहे, सरासरी वेग दिला आहे, आणि स्वतःच्या हृदयाचे ठोके तीन ठिकाणीं नोंदले आहेत. दाजीपूरचें नांव एकदां आलें आहे. बँकेंतील गृहस्थांना विशेषणांचा सोस आहे. धरण निसर्गरम्य, घाट निसर्गरम्य, मिसळ मिळते तें हॉटेलहि निसर्गरम्य. जें विशेषण ऊंसाला आणि सड्याला सारखेंच लागू पडतें त्यानें दोहोंपैकीं एकाचेंहि वर्णन होत नाहीं, हें मीं त्यांच्या समासांत लिहिलें आहे. विद्यार्थ्यांचीं टिपणें अधिक जिवंत आहेत, परंतु त्यांचीं क्रियापदें लष्करी आहेत. ते घाट 'मारतात', शतक 'ठोकतात', चढाला 'लोळवतात'. आमची पिढी घाट चढत असे किंवा उतरत असे. घाटानें कोणाचें कांहीं बिघडविल्याचें आमच्या ऐकिवांत नव्हतें. ह्या तरुणांचा उत्साह मला मनापासून आवडतो आणि त्यांच्या वयाला थोडी बढाई शोभतेहि. पण ह्या चारहि टिपणांत एक गोष्ट समान आहे: रस्ता म्हणजे लेखकाच्या शरीराची परीक्षा घेण्याकरितां टाकलेली एक लांबलचक पट्टी. रान त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंस रंगविलेल्या पडद्यासारखें उभें असतें. गवा आलाच तर शेवटच्या परिच्छेदांत येतो, आणि एका टिपणांत तर 'बोनस' ह्या शब्दानें येतो.

हें गद्य मराठीला नवें आहे, म्हणून तें असें असावयाचेंच, असें कोणी म्हणेल. तें खरें नव्हे. महानुभावांची स्थानपोथी चौदाव्या शतकांतली. श्रीचक्रधरस्वामी जेथें जेथें राहिले, बसले, निजले तीं तीं स्थानें तींत दिशा आणि खाणाखुणा सांगून नोंदलीं आहेत. आणि प्रत्येक स्थानाबरोबर तेथें काय घडलें तें लीळेच्या धाग्यानें बांधलें आहे. आपल्या गद्याच्या बाल्यावस्थेंतच मार्गवर्णन होतें, आणि त्याची अट अशी होती कीं, जागा सांगावयाची तर ती कोणाची, आणि तेथें पूर्वीं काय झालें, हेंहि सांगितलें पाहिजे. पुढें गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' 1907 सालीं प्रसिद्ध झाला. वरसईचा हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेनें 1857 च्या धामधुमींत उत्तरेकडे पायीं गेला. त्याच्या पुस्तकांत किती कोस चाललों ह्या हिशेबापेक्षां कोणत्या वाटेनें जाणें धोक्याचें होतें, कोण काय म्हणाला, कोठें उपास पडला, हें अधिक आहे. आणि म्हणूनच आज त्या वाटा नाहींशा झाल्यावरहि त्याचें वर्णन वाचतां येतें. डॉक्टरमहाशयांचे मीटर खोटे नाहीत. परंतु ते आतां खिशांतल्या फोनवरहि मिळतात. तेवढ्याकरितां मराठी भाषेला तसदी देण्याचें कारण नव्हतें.

ह्या रस्त्याच्या बाबतींत तर उत्तम वर्णन आधींच होऊन गेलेलें आहे, आणि तें कोणाहि लेखकानें केलेलें नाहीं. अभयारण्यांतल्या जागांचीं नांवें पाहा: सांबरकोंड, सावराई सडा, होळीचा माळ, हडक्याची सरी, वाघाचें पाणी. ह्यांतील शेवटच्या नांवावर वर्गांत एक तास सहज बोलतां येईल. 'पाणी' हा शब्द आमच्या पांचहि टिपणांत आहे, 'पाण्याची सोय' ह्या रूपानें. सोय कोणाची, हा प्रश्न तेथें उद्भवतच नाहीं. ज्या अनाम गुराख्यानें किंवा धनगरानें 'वाघाचें पाणी' म्हटलें त्यानें एका षष्ठी विभक्तीनें सगळा व्यवहार सांगून टाकला. पाणी त्याचें आहे. तुम्हांला लागलेंच तर घ्या, पण त्याची वेळ टाळून. हें काव्य नव्हे. ही सूचना आहे, आणि जीव वांचविणारी आहे. मारुती चितमपल्ली ह्यांनीं आयुष्यभर रानांतले असे शब्द वेचले आणि आपणां शहरी वाचकांपुढें ठेवले. आपण 'रानवाटा' वाचून त्यांचें कौतुक केलें. त्या शब्दांचा उपयोग मात्र शिकलों नाहीं.

आतां दुसरें कारण. अठ्ठावीस वर्षांपूर्वीं मी नुकताच अध्यापक झालों होतों, माझ्याजवळ एक काळी, उंच दांड्याची सायकल होती, आणि महाविद्यालयाच्या वार्षिक अंकांत मीं ह्याच रस्त्यावर एक लेख लिहिला होता. मंडळाचीं टिपणें वाचल्यानंतर मीं ग्रंथालयांतून तो अंक काढविला. एखाद्या परक्या लेखकाला वाचावें तसें स्वतःला वाचणें हा टीकाकाराला अधूनमधून घडावा असा दंड आहे. लेखांत मीटर नाहीत, घाट मारलेला नाहीं. भाषा शुद्ध आहे, जरा जास्तच शुद्ध. 'नीरव' हा शब्द तीनदां आला आहे आणि 'धुकें' चारदां. दाजीपुरास रात्रीं मुक्काम करून पहाटे, उजाडण्यापूर्वीं, तलावाकडे उताराला सायकल सोडून द्यावी, पायंडल मारूं नये, रानाची शांतता भंगूं नये म्हणून घंटाहि वाजवूं नये, असा उपदेश मीं त्यांत केला आहे. वाक्य डौलदार आहे. तेव्हां त्याची सहकाऱ्यांनीं स्तुति केल्याचें मला आठवतें.

पुढच्या फेब्रुवारींत आमच्याच दुसऱ्या वर्षाच्या वर्गांतले चार विद्यार्थी तो अंक वाचून दाजीपुरास गेले. पहाटे उतारानें निघाले. तिसऱ्या कीं चौथ्या वळणावर एक गवीण आणि तिचें वासरूं रस्ता ओलांडत होतें. पहिल्या मुलानें दोन्ही ब्रेक आवळले. सायकल आडवी झाली, तो घसरत जाऊन दगडावर आदळला आणि त्याचें गळ्याचें हाड मोडलें. गवीण दहा-बारा हातांवर थांबली, फुसकारली. मागचीं मुलें वळणाआड गोठल्यासारखीं उभीं राहिलीं. वासरूं पलीकडच्या झाडींत गेलें, आणि मग तीहि गेली. तिनें मनांत आणलें असतें तर हा लेख मीं लिहिला नसता. कांहींच लिहिलें नसतें. मुलाला दुधाच्या टेंपोंतून राधानगरीस आणि तेथून शहरांत आणलें. मी भेटावयास गेलों तेव्हां तो अंथरुणावर बसलेला होता आणि माझ्याकडे पाहून ओशाळला, जणूं त्याच्याच हातून माझा कांहीं अपराध घडला होता. म्हणाला, "सर, तुम्हींच लिहिलं होतं ना, रानांत घंटा वाजवूं नये म्हणून. मीं तर ती काढूनच ठेवली होती." त्याच्या वडिलांनीं मला चहा दिला.

पुढें एकदां त्या रस्त्यावर मला एक दूधवाला भेटला. सायकलीला दोन्ही बाजूंस किटल्या, आणि त्या इतक्या सैल बांधलेल्या कीं फर्लांगभर अंतरावरून त्यांचा खणखणाट ऐकूं यावा. मीं त्याला म्हटलें, बाबा, दोऱ्या आवळ कीं जरा. तो हंसला. वळणावर जनावराला कळावयास नको का कोण येतंय तें, म्हणाला. एवढें साधें वाक्य माझ्या लेखांत नव्हतें. पूर्ण वाढलेल्या गव्याचें वजन टनाच्या घरांत जातें, आणि तरीहि तो भित्रा प्राणी आहे. माणसाची चाहूल लागली तर बहुधा तोच आधीं निघून जातो. पहाटे आणि सांजवेळीं तो चरावयास उघड्यावर येतो. मोटारीची चाहूल त्याला दुरून लागते. उतारावरच्या सायकलीची लागत नाहीं. सायकल हें निरुपद्रवी वाहन, तिला धूर नाहीं, आवाज नाहीं, म्हणून ती रानाला मानवते, असें सर्व टिपणांत मोठ्या अभिमानानें म्हटलें आहे. धुराविषयीं तें खरें आहे. आवाजाविषयीं नेमकें उलट आहे. 2016 सालीं अमेरिकेंतील मोंटाना राज्यांत, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या लगतच्या रानांत, एक अनुभवी सायकलस्वार अरुंद वाटेच्या वळणावर वेगानें जाऊन अस्वलावर आदळला आणि त्यांत त्याचा अंत झाला. तें अस्वल त्याच्या मागें लागलेलें नव्हतें.

दुसरा एक शब्द मला ह्या टिपणांतून काढावासा वाटतो: 'दर्शन'. गव्याचें दर्शन, शेकरूचें दर्शन. देवळांतील हा शब्द रानांत आला म्हणजे आपल्यामागें रांगेचा हक्कहि घेऊन येतो. इतक्या लांब आलों, आतां दर्शन झालेंच पाहिजे. डिसेंबर 2020 मध्यें पुण्याच्या कोथरूड भागांत एक गवा वाट चुकून शिरला. त्याला पाहावयास लोटलेल्या गर्दीपुढें तो तासन्‌तास धांवला, अखेरीस पकडला गेला आणि मेला. त्या गर्दींतल्या कोणालाहि त्याचें वाईट व्हावें असें वाटत नव्हतें, ह्याविषयीं मला शंका नाहीं.

पांचवें टिपण फोरमनसाहेबांचें आहे. व्याकरणाच्या दृष्टीनें पांचांत सर्वांत अशुद्ध. माझी तांबडी शाई त्याच्यावरच अधिक खर्ची पडली. आणि तरीहि तेंच एक टिपण मीं दोनदां वाचलें. ह्या गृहस्थांना रस्त्याचे भाग पडतात ते चढावरून नव्हे, कोण भेटतें त्यावरून पडतात. ऊंसाच्या पट्ट्यांत हंगामाच्या दिवसांत डावीकडे किती अंतर ठेवावें, ट्रॉलीच्या मागें कां राहूं नये, मोळी कोणत्या बाजूला कलते, हें ते सांगतात. धरणापुढें गेल्यावर त्यांची वाक्यें तोकडीं होतात. सूर्य हातभर वर आल्याशिवाय येथून पुढें जाऊं नये. दिवस मावळण्याच्या आंत परत धरणाखालीं असावें. आंधळ्या वळणाआधीं घंटा वाजवावी, बोलत जावें. चौघांनीं एकाच्या मागें एक न जातां दोन दोन मिळून सावकाश जावें. गवा रस्त्यावर उभा असला तर सायकल मध्यें धरून उभें राहावें आणि फोटो काढूं नये. शेतांत मचाण दिसलें तर समजावें कीं रात्रीं तेथें जनावर उतरतें. त्या गांवच्या माणसाला विचारल्याशिवाय पुढें जाऊं नये. शेवटीं चहाच्या एका टपरीविषयीं दोन ओळी आहेत. 'निसर्गरम्य' हा शब्द नाहीं. तरीहि तें वाचतांना रान दिसतें, कारण लेखक प्रत्येक वाक्यांत रानाकडे पाहत आहे, आणि आपण स्वतः कसे दिसत असूं ह्याकडे पाहत नाहीं. असें गद्य लिहिणें सोपें नाहीं. मला अठ्ठावीस वर्षांपूर्वीं तें लिहितां आलें नाहीं, आणि आजहि त्या टपरीच्या दोन ओळी मला तशा जमतील असें वाटत नाहीं.

कोणी म्हणेल, हें साहित्य नव्हे, हें नियमपत्रक आहे. मला हा भेद पूर्वीं फार ठळक दिसत असे. कवितेंतल्या धुक्यांत वाचक शिरला तर तो परत येतो. मार्गवर्णनांतल्या धुक्यांत तो सायकल घेऊन शिरतो. ज्या गद्याचा वाचक दुसऱ्या दिवशीं पहाटे उठून तुमच्या शब्दावर विसंबून निघणार आहे, त्या गद्याची परीक्षा करतांना शब्दांचा डौल आणि त्यांचा परिणाम हे दोन निरनिराळ्या ताजव्यांत घालतां येत नाहीत. माझें घंटेविषयींचें वाक्य वाईट होतें. डौलदार असूनहि वाईट, असें मी म्हणत नाहीं. तो डौलच शांततेच्या हौसेनें आंधळा झालेला होता, म्हणून तें गद्य म्हणूनहि वाईट होतें.

टिपणें मीं मागच्या आठवड्यांत मंडळाकडे परत पाठविलीं. व्याकरणाच्या सर्व दुरुस्त्या त्यांनीं आभारपूर्वक मान्य केल्या आहेत. 'निसर्गरम्य' अकरा ठिकाणीं गाळावयास बँकेंतील गृहस्थांनीं थोडी कुरकुर करून संमति दिली. विद्यार्थ्यांचें 'मारणें' मीं तसेंच ठेवलें. राधानगरीच्या पांचहि टिपणांच्या आरंभीं फोरमनसाहेबांचें वेळेविषयींचें वाक्य ठळक अक्षरांत छापावें अशी माझी सूचना होती. त्यावर चिटणिसांचा फोन आला. रविवारची फेरी पहाटे साडेचारलाच निघते, तें वाक्य आरंभीं घातलें तर नवे लोक बिचकतील, शेवटीं बारीक टाइपांत घातलें तर चालेल का, असें त्यांनीं विचारलें. मीं त्यांना वार्षिक अंकाचें तें पान नेऊन दाखविलें आहे. त्यांच्या समितीची बैठक अद्याप व्हावयाची आहे.